शेतातल्या घरात मांडलेलं पान: बेल्जियममधल्या एका जेवणाची कृती

आठवड्यातली एक दुपार मोकळी करा. बुधवार, गुरुवार किंवा शुक्रवार. सुरुवात इथून करायची. रेस्तराँ कोणतं, कपडे काय घालायचे, खर्च किती, हे सगळं त्यानंतर. बेल्जियमच्या खेड्यातल्या नावाजलेल्या रेस्तराँत बाराला बसलेला माणूस साडेतीन-चारच्या आत उठत नाही, आणि जाण्यायेण्याचा वेळ वेगळा. म्हणजे तो दिवस त्या जेवणालाच द्यायचा. ‘जेवण उरकून पुढे ब्रूज बघू’ असा बेत आखणारे माझे पाहुणे दोन्हीकडे घाईत असतात, आणि ज्याचे एवढे पैसे मोजले त्या ताटाकडेच त्यांचं लक्ष नसतं.

रात्र सोडून दुपार का, याला माझ्याकडे तीन कारणं आहेत. एक, पैसे. स्वयंपाकघर तेच, माणसं तीच, पण आठवड्यातल्या दुपारी तीन-चार पदार्थांचा छोटा मेनू असतो. मी भरलेल्या बिलांवरून सांगायचं तर मिशलँ मार्गदर्शिकेच्या एका तारकेच्या ठिकाणी तो साधारण 60 ते 90 युरोत होतो. रात्रीचा मोठा मेनू सहज त्याच्या दुप्पट होतो आणि दोन तारकांच्या घरी त्याच्याही पुढे जातो. दुसरं, उजेड. ही रेस्तराँ जुन्या शेतघरांत, पाणचक्क्यांत, वाड्यांत असतात. खिडकीबाहेरचं शेत दिसलं नाही तर इतक्या लांब आल्याचं अर्धं सुख गेलं. तिसरं, रस्ता. अनोळखी गावातून रात्री बाराला गाडी हाकत परतण्यापेक्षा चार वाजता निघालेलं बरं.

रविवारी रात्री, सोमवारी आणि बऱ्याच ठिकाणी मंगळवारीही चूल बंद असते. शिवाय उन्हाळ्यात दोन-तीन आठवडे, नाताळ ते नववर्ष आणि ईस्टरच्या सुमारासही ही घरं सुट्टीवर जातात. विमानाचं तिकीट काढण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावरच्या सुट्ट्या पाहून घ्या.

गाव कसं निवडायचं

बेल्जियमचं क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या जेमतेम एक दशांश. चांगल्या जेवणासाठी पन्नास किलोमीटर गाडी चालवणं इथल्या माणसाला काही विशेष वाटत नाही. म्हणून उत्तम स्वयंपाकघराला राजधानीत जागा घ्यावी लागत नाही. पूर्व फ्लँडर्समधल्या क्राउस्हाउतेम गावाबाहेर, शेताडीत, ‘हॉफ व्हान क्लेव्ह’ आहे. पीटर गोसेन्स यांनी 1987 साली एका जुन्या शेतघरात ते सुरू केलं आणि 2005 पासून पुढे जवळजवळ दोन दशकं तिथे मिशलँच्या तीन तारका टिकवल्या. 2024च्या सुरुवातीला त्यांनी ते घर फ्लोरिस व्हान डेर व्हेकेन यांच्या हाती दिलं. दक्षिणेला, नामूरजवळच्या लिएर्नू गावात ‘लेर द्यु ताँ’ आहे. तिथले आचारी सांग हून देजँब्र कोरियात जन्मलेले, बेल्जियन घरात वाढलेले. आधी वाइनचे जाणकार म्हणून काम केलं आणि स्वयंपाक स्वतःचा स्वतः शिकले. भोवतीच्या मोठ्या बागेतल्या भाज्या त्यांच्या ताटात असतात. लिंबुर्गमधल्या ओप्ग्लाबेकला ‘स्लागमोलेन’ जुन्या पाणचक्कीत आहे. आर्देनच्या जंगलात ऊर नावाचं चिमुकलं गाव आहे, तिथे ‘ला ताब्ल द माक्सीम’.

ही नावं उदाहरणादाखल दिली. पहिल्यांदा जाणाऱ्याने थेट दोन-तीन तारकांकडे जाऊ नये असं मला वाटतं. एका तारकेचं घर निवडा, किंवा मिशलँच्या यादीत ‘बिब गुर्माँ’ची खूण असलेलं. वाजवी दरात चांगलं जेवण, असा त्या खुणेचा अर्थ. गो-मियो ही दुसरी मार्गदर्शिका वीसपैकी गुण देते, तीही चाळावी. तारका, गुण पाहून झाले की आणखी एक गोष्ट पाहा: चालू महिन्याचा मेनू संकेतस्थळावर आहे का. ज्या घराचा मेनू ऋतूबरोबर बदलतो तिथे माझी सहसा निराशा झालेली नाही.

ज्यांना वाइन प्यायची आहे त्यांनी खोल्या असलेलं घर शोधावं. खेड्यातल्या बऱ्याच रेस्तराँना वर किंवा अंगणापलीकडे चार-सहा खोल्या असतात. जेवून जिना चढायचा, सकाळी गावच्या पावाची न्याहारी करायची. पैसे जास्त जातात, पण परतीची सगळी चिंता मिटते.

आधी कळवा

या संपूर्ण कृतीतली सगळ्यात महत्त्वाची पायरी ही आहे आणि आपली माणसं नेमकी तीच गाळतात.

मी लूव्हनला राहायला आल्यावर दुसऱ्या वर्षी आई-बाबा साताऱ्याहून आले. आई शुद्ध शाकाहारी, अंडंही नाही. बाबा कोंबडी-मासे खातात, गोमांस नाही. मी एका गावातल्या नावाजलेल्या रेस्तराँत टेबल घेतलं आणि कळवलं फक्त एवढंच: तीन माणसं. बाकीचं तिथे गेल्यावर सांगू असं धरून चाललो. तिथे गेल्यावर सांगितलं. वाढपी मुलगी हसतमुखाने ‘नक्की’ म्हणाली आणि आत गेली. आईपुढे जे आलं ते आमच्याच ताटातून मांस वजा केलेलं होतं: दोन गाजरं, बटाट्याचा मऊ गोळा, भोवती चकचकीत तपकिरी सॉस. आईने चमचा उचलून विचारलं, ‘यात काय असेल रे?’ मी विचारलं. मुलगी आत जाऊन आली आणि प्रामाणिकपणे म्हणाली, वासराच्या हाडांचा अर्क. आईने चमचा शब्दही न बोलता बशीत ठेवला, आणि उरलेली दुपार तिने पाव आणि लोण्यावर काढली. बाबांनी तोच सॉस निम्मा संपवला होता. ते परतीच्या वाटेवर काही बोलले नाहीत.

चूक त्या स्वयंपाकघराची नव्हती. तो अर्क आदल्या दिवशी सकाळपासून मंद आचेवर आटत होता. फ्रेंच वळणाच्या स्वयंपाकाचा पाया असलेले हे रस एक-दोन दिवस आधी घातले जातात. आपण टेबलावर बसून काही सांगतो तेव्हा निम्मं जेवण शिजून तयार असतं. उरतं ते फक्त काढून टाकणं, आणि काढून टाकलेलं ताट दिसायला कितीही देखणं असलं तरी ते जेवण नव्हे.

म्हणून टेबल ठरवतानाच, निदान आठ-दहा दिवस आधी, ईमेल पाठवा. इंग्रजी चालतं, खाली तोच मजकूर त्या भागाच्या भाषेत भाषांतरित करून जोडलात तर आणखी चांगलं. फ्लँडर्समध्ये डच, वालोनियात फ्रेंच, पूर्वेच्या ऑयपेन-सांक्ट व्हीटकडे जर्मन. ‘शाकाहारी’ एवढंच लिहून थांबू नका. त्या शब्दात तिकडे अंडी बसतातच, आणि चीज बनवताना वासराच्या जठरातलं रेनेट वापरलंय का, हा प्रश्न कुणी मनात आणत नाही. काय चालत नाही त्याचं नाव घेऊन लिहा: मांस नको, मासा नको, शिंपले-कोळंबी नको, अंडं नको, हाडांचा किंवा माशांचा अर्क नको, जिलेटिन नको, प्राण्याची चरबी नको. मग काय चालतं तेही लिहा: दूध, लोणी, साय, डाळी, कडधान्यं, अळंबी, सगळी धान्यं. ही दुसरी यादी फार उपयोगी पडते, कारण आचाऱ्याला नकारांतून ताट रचता येत नाही. कांदा-लसूण किंवा कंदमुळं वर्ज्य असतील तर तीही एकेक नावाने लिहा. ‘जैन’ हा शब्द खेड्यातल्या आचाऱ्याला काही सांगत नाही.

मांसाहारी पण गोमांस न खाणाऱ्या मंडळींनी या ठिकाणी जास्त जपावं. ‘बीफ नको’ म्हटलं की स्टेक येणार नाही, पण वासराच्या हाडांचा अर्क कोंबडीच्या सॉसमध्येही असू शकतो. आणि बेल्जियमचे ते जगप्रसिद्ध तळलेले बटाटे परंपरेने गायी-बैलांच्या चरबीत तळतात. आता कित्येक ठिकाणी वनस्पती तेल असतं, पण विचारल्याशिवाय धरून चालू नका. ‘गाय, बैल, वासरू यांचं मांस, अर्क, चरबी काहीही नको’ असं एका वाक्यात लिहून टाका.

श्रद्धेने किंवा आवडीने वर्ज्य असलेलं एकीकडे आणि ॲलर्जी दुसरीकडे, असं वेगळं लिहा. दोन्हींना एकच शब्द वापरू नका. शेंगदाणा, तीळ, मोहरी, दूध, गहू अशा 14 गोष्टींबद्दलची माहिती ग्राहकाला देणं युरोपीय संघाच्या कायद्याने बंधनकारक आहे, आणि ॲलर्जी म्हटलं की स्वयंपाकघर वेगळी भांडी, वेगळी पाटी काढतं. नसलेली ॲलर्जी सांगून त्यांना त्या कामाला लावणं बरं नाही. जिथे खरी ॲलर्जी आहे तिथे मात्र ईमेल, मग फोन, मग टेबलावर पुन्हा एकदा, असं तीनदा सांगा.

उत्तर आलं नाही तर फोन करा. सकाळी अकराच्या आत किंवा दुपारी चारच्या सुमारास. बाराला फोन केलात तर कुणालाही बोलायला फुरसत नसते. उत्तर ‘नाही जमणार’ असं आलं तर आभार मानून दुसरं घर शोधा. असं स्पष्ट सांगणाऱ्यांबद्दल मला आदर वाटतो.

टेबल नक्की करताना बहुतेक ठिकाणी कार्डाचा क्रमांक घेतात. न कळवता गैरहजर राहिलात तर माणशी ठरलेली रक्कम कापली जाते. किती तास आधी रद्द केलं तर चालतं ते वाचून ठेवा. आपलं आडनाव लांब असेल तर टेबल छोट्या नावाने घ्या, दारात शोधाशोध होत नाही.

कोणत्या महिन्यात काय

हा भाग मला सगळ्यात आवडतो. बेल्जियममध्ये ऋतू ताटात अगदी ठळक दिसतो, आणि ज्या महिन्यात जाल त्याचीच वस्तू मागितलीत तर स्वयंपाकघराचं सगळ्यात चांगलं काम तुमच्या वाट्याला येतं.

मार्चच्या सुमारास पश्चिम फ्लँडर्समधल्या पोपरिंगेकडे हॉप्सचे कोंब निघतात. हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी वेल. जमिनीखालचे तिचे पांढरे, नखाएवढ्या जाडीचे कोंब हाताने एकेक खुडावे लागतात, म्हणून हंगामाच्या सुरुवातीला किलोला शेकडो युरो पडतात. 2021 साली आपल्याकडे ‘लाख रुपये किलोची भाजी’ म्हणून जी बातमी फोनोफोनी फिरली ती याच कोंबांची. बिहारमध्ये ती पिकते हा त्यातला दावा खोटा निघाला. खायचे असतील तर इथे, या महिन्यात, अर्धवट उकडलेल्या अंड्याबरोबर आणि फेसाळ लोणी-सॉसबरोबर खावेत. चव कोवळ्या भाजीची आणि थोडी अक्रोडासारखी.

एप्रिलपासून 24 जूनपर्यंत, म्हणजे सेंट जॉनच्या दिवसापर्यंत, पांढऱ्या अस्पॅरॅगसचं राज्य. आपल्या शतावरीच्या कुळातलीच ही भाजी. कोंबावर मातीचा वरंबा चढवून त्याला ऊन लागू दिलं जात नाही, म्हणून तो हस्तिदंतासारखा पांढरा राहतो. मेखेलेनचा भाग यासाठी प्रसिद्ध. ‘फ्लेमिश पद्धतीने’ असं मेनूत दिसलं तर डोळे मिटून मागवा. अंगठ्याएवढे जाड कोंब सोलून उकडलेले, एका ओळीत निजवलेले. वर पूर्ण उकडलेलं अंडं काट्याने कुस्करून वितळलेल्या लोण्यात मिसळलेलं, बारीक चिरलेली पार्सली, किसलेलं जायफळ. सुरी लावली की कोंब सुरीच्या वजनानेच कापला जातो, आतून पाणी सुटतं आणि बशीतल्या लोण्यात मिसळतं. तो रस पावाने पुसून घ्यायचा. मोठमोठ्या स्वयंपाकघरांतही या पदार्थात फार फेरफार करत नाहीत.

उत्तर समुद्राच्या छोट्या करड्या कोळंब्या वर्षभर दिसतात, पण शरद ऋतूत त्या सगळ्यात चांगल्या. कोकणातल्या माणसाला करंदीची आठवण होईल. त्या होडीवरच उकळतात, म्हणून खारटगोड चव पक्की आत मुरते. ओस्टडाउनकेर्केच्या किनाऱ्यावर अजूनही काही माणसं धिप्पाड बेल्जियन घोड्यांवर बसून, छातीभर पाण्यात जाळं ओढत या कोळंब्या धरतात. 2013 साली युनेस्कोने हा वारसा म्हणून नोंदवला. सोलायचं काम मात्र इतकं वेळखाऊ की बराचसा माल मोरोक्कोला जाऊन सोलून परत येतो. म्हणून ‘आजच्या आज इथेच सोललेल्या आहेत का’ हा प्रश्न विचारायला संकोचू नका. जिथे त्या सोललेल्या असतील तिथे ते अभिमानाने सांगतात.

ऑक्टोबर ते डिसेंबर आर्देनमध्ये शिकारीचा मोसम. हरीण, रानडुक्कर, ससा, रानकोंबड्याचा भाऊबंद फेझंट. खाणाऱ्यांसाठी एक सावधगिरी: बंदुकीने टिपलेल्या पक्ष्यात क्वचित छर्रा राहतो, तेव्हा सावकाश चावा. हिवाळ्यातच विटलोफ, म्हणजे अंधारात उगवलेली चिकोरी. कडवटपणा कारल्याइतका नाही, मेथीच्या जवळचा. शाकाहारी माणसाला हिवाळ्यात जायचं असेल तर ईमेलमध्ये विटलोफचं नाव जरूर घाला. लोण्यात मंद भाजून तो सोनेरी झाला की मांसाची आठवण कुणाला होत नाही.

रस्ता

पत्ता नकाशात टाकताना पिनकोडसह टाका. 1977 साली बेल्जियममधली शेकडो गावं मोठ्या पालिकांत विलीन झाली, त्यामुळे पाटीवरचं गाव आणि पत्त्यातली पालिका निराळी असते. विलीनीकरण अजूनही चालू आहे. वर सांगितलेलं क्राउस्हाउतेम 2019 पासून क्राउसेम पालिकेत आहे.

त्याहून जास्त गोंधळ भाषेमुळे होतो. फ्लँडर्समधून जाताना माँसची पाटी ‘बेर्खेन’ असते, लिएजची ‘लाउक’, तुर्नेची ‘दोर्निक’, आणि फ्रान्समधल्या लीलची चक्क ‘रायसेल’. भाषेची सीमा ओलांडली की तीच शहरं पुन्हा फ्रेंच नावाने भेटतात. दोन्ही नावं आधी कागदावर लिहून ठेवा. खेड्यात जिथे वेगळी खूण नसेल तिथे उजवीकडून येणाऱ्या वाहनाला आधी जाऊ द्यायचं असतं, तो रस्ता कितीही चिंचोळा असला तरी. भारतातून नुकत्याच आलेल्या चालकाला हे अंगवळणी पडायला वेळ लागतो.

गाडी चालवणाऱ्याला रक्तात लिटरमागे 0.5 ग्रॅम अल्कोहोलची मर्यादा आहे. चार पदार्थांबरोबर चार पेले वाइन घेतली तर ती सहज ओलांडली जाते. बेल्जियममध्ये न पिता सगळ्यांना घरी पोचवणाऱ्याला ‘बॉब’ म्हणतात. 1995 साली इथेच सुरू झालेल्या मोहिमेतलं हे नाव पुढे इतर देशांतही गेलं. टेबलावर बसतानाच ‘मी बॉब’ म्हणून टाका, मग कुणी आग्रह करत नाही. ट्रेनने जाणार असाल तर स्टेशनपासून रेस्तराँ किती दूर ते पाहा आणि परतीची टॅक्सी टेबल घेतानाच रेस्तराँकडून ठरवून घ्या. खेड्यात रस्त्यावर टॅक्सी मिळत नाही.

टेबलावर

वेळेवर पोचा, पंधरा मिनिटं उशीर होणार असेल तर फोन करा. टायची गरज नाही, स्वच्छ नीटनेटके कपडे पुरतात; साडी किंवा कुर्ता तर उत्तमच. आत शिरताना वाढप्याला नमस्कार करावा, फ्लँडर्समध्ये ‘खुयेमिदाख’, वालोनियात ‘बाँजूर’. फ्लँडर्समध्ये फ्रेंचने सुरुवात करू नका, त्यापेक्षा इंग्रजी बरी.

बसल्या बसल्या पहिला प्रश्न येतो तो जेवणाआधीच्या पेयाचा. त्याची किंमत सहसा कुणी सांगत नाही, तुम्ही विचारा किंवा यादी मागा. पिणार नसाल तर बिनअल्कोहोलचं काय आहे ते विचारा. आता पुष्कळ घरं फळांचे, पानांचे, आंबवलेल्या चहाचे रस स्वतः करतात आणि प्रत्येक पदार्थाशी जुळवून देतात. आईला त्यातला एक सफरचंद-बडीशेपेचा इतका आवडला की तिने घटक लिहून घेतले. दुसरा प्रश्न पाण्याचा: साधं की बुडबुड्यांचं. नळाचं पाणी फुकट मिळेलच असं नाही, आणि बाटलीचे 8-10 युरो लागू शकतात.

बेल्जियममध्ये ‘मेनू’ म्हणजे ठरलेल्या पदार्थांची मालिका, आणि एकेक पदार्थ निवडायचा तो ‘कार्त’ किंवा ‘कार्ट’वरून. मालिका घेतलीत तर बहुधा टेबलावरच्या सगळ्यांना तीच घ्यावी लागते. एकाने सात आणि दुसऱ्याने तीन पदार्थ घेतले तर स्वयंपाकघराचा ताल बिघडतो. ज्येष्ठ माणसं बरोबर असतील तर सगळ्यांसाठी कमी पदार्थ घ्या.

मेनूतले चार शब्द ओळखता आले पाहिजेत. डचमध्ये ‘रुंड’ आणि फ्रेंचमध्ये ‘बफ’ म्हणजे गाय-बैल. ‘काल्फ’ आणि ‘व्हो’ म्हणजे वासरू. ‘फार्केन’ आणि ‘पोर’ डुक्कर. ‘पार्ड’ आणि ‘शेवाल’ घोडा, आणि घोड्याचं मांस इथे खरंच खातात. ‘फिले अमेरिकाँ’ या नावाला भुलू नका, ते कच्चं गोमांस बारीक करून मसाला लावलेलं असतं. मांस कितपत शिजवायचं असं विचारलं तर ‘आ प्वाँ’ म्हटल्यावरही आत गुलाबी राहतं. पूर्ण शिजलेलं हवं असेल तर ‘ब्याँ क्वी’ म्हणा.

घरच्या मोठ्यांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. इथे तिखट नाही. लोणी, आंबटपणा, कडवटपणा आणि भाजीचा स्वतःचा गोडवा, यांवर हे जेवण उभं आहे. पहिल्या दोन घासांत ते अळणी वाटतं. पर्समधून लसणाची चटणी काढण्याआधी तिसरा घास घ्या, जिभेला थोडा वेळ द्या. पावाचंही तसंच. गरम पाव आणि खारं लोणी समोर येतं, भूक लागलेली असते, आणि दोन तुकडे जास्त झाले की चौथ्या पदार्थाला जागा उरत नाही. एक तुकडा सॉससाठी राखून ठेवावा.

दोन पदार्थांमध्ये पंधरा-वीस मिनिटं जातात. तो उशीर नव्हे. शेवटी कॉफीबरोबर छोट्या गोडाची तबकडी आपोआप येते, तेव्हा वेगळं गोड मागवण्याआधी विचार करा.

बिल मागितल्याशिवाय येत नाही. किमतीत कर आणि सेवा दोन्ही धरलेले असतात, टीप सक्तीची नाही. मन भरलं असेल तर पाच-दहा युरो ठेवावेत. 1 जुलै 2022 पासून प्रत्येक व्यावसायिकाने इलेक्ट्रॉनिक पैसे भरण्याची किमान एक सोय ठेवणं बंधनकारक आहे, पण ती कोणती ते त्याच्यावर. भारतीय कार्ड व्हिसा किंवा मास्टरकार्डचं असावं, पिन पाठ असावा. एका टेबलाचं एकच बिल घ्या, वाटणी घरी करा.

बाग

उठताना विचारा: बाग पाहू का? हा प्रश्न मी प्रत्येक ठिकाणी विचारतो, आणि जिथे बाग आहे तिथे नकार क्वचित आला आहे.

पहिल्या फसलेल्या दुपारनंतर तीन वर्षांनी आई-बाबा पुन्हा आले. या वेळी मी दहा दिवस आधी लांबलचक ईमेल लिहिली. उत्तरात तीन प्रश्न आले: ताक चालतं का, मशरूमचा अर्क चालतो का, आणि आईला कडू आवडतं का. जूनचा महिना होता. आईपुढे सहा पदार्थ आले, आणि त्यातला एकही आमच्या ताटातून मांस काढून केलेला नव्हता. मिठाच्या कवचात भाजलेला सेलरीचा कंद आणला, आचाऱ्याने टेबलापाशी येऊन सुरीच्या मुठीने ते कवच फोडलं, वाफ वर आली आणि आई खुर्चीतून पुढे झुकली. बाबांचा मासा आला तेव्हा त्याच्या सॉसबद्दल मुलीने न विचारताच सांगितलं: फक्त माशाचा.

नंतर तो आचारी आम्हाला मागच्या बागेत घेऊन गेला. वाफे, काचघर, कंपोस्टचा ढीग. आई एका वाफ्यापाशी थांबली, खाली वाकली, एक लालसर मांसल देठ बोटांत धरून तिने पान चावलं. ‘अरे, ही घोळ आहे.’ आचारी म्हणाला, पोस्तलाइन. इथल्या जुन्या बायका बटाट्यात घालतात. आईने मला सांगायला लावलं की आमच्याकडे ती मुगाची डाळ आणि लसूण घालून करतात. त्याने खिशातून पेन्सिल काढली, डाळ आधी भिजवायची का, किती वेळ, असं विचारलं, आणि आमच्याच बिलाच्या मागच्या बाजूवर ते लिहून घेतलं.